तिच्या वाक्याचा उरलेला भाग

ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे आधी आवाज बदलतात. वर्षभर उभ्या उसाची सळसळ कानांत इतकी मुरलेली असते की ती ऐकू येणं बंद झालेलं असतं. मग एखाद्या सकाळी कोयत्यांचे घाव ऐकू येतात, थोड्या वेळानं पायाखाली मोडणारं पाचट, आणि दुपारपर्यंत रस्त्याच्या त्या अंगाला काहीच उरत नाही. कालपर्यंत जिथं हिरवी भिंत होती तिथून वारा सरळ अंगावर येतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडे निघतात. मळीचा आंबूस-गोड वास दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतसुद्धा जाऊन बसतो.

यंदाचा पहिला ट्रॅक्टर मला प्रवरेच्या पुलावर लागला. कॉलेजला निघाले होते. पुढे काढायला जागा नव्हती, म्हणून स्कूटी त्याच्या मागंमागं नेत राहिले. उसाची लोंबती टोकं रस्त्याला घासत होती. पूल संपल्यावर ध्यानात आलं की मी दात घट्ट आवळून धरले आहेत. दोन वर्षं झाली. एवढ्यात राग जुना होऊन कुठंतरी बसला असेल, असं मला वाटलं होतं. तो बसलेला नव्हता. पहिल्या ट्रॅक्टरबरोबर आला, जसा दरवर्षी येणार आहे.

मी संगमनेरला एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. माहेर पारनेर तालुक्यातलं, माळरानाचं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा एवढा हिरवा रंग बघून मला पहिले काही दिवस गुदमरल्यासारखं झालं होतं. घरकाम करताना कानात काहीतरी लागतं, आणि गाण्यांचा मला लवकर कंटाळा येतो. एकदा कुठल्याशा परदेशी रेडिओवरची एक डॉक्युमेंटरी मोबाईलवर सापडली. चित्र नाही, नुसती ऐकायची. समुद्रातल्या खडकावर एकटाच दिवा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची होती. भाकऱ्या थापत ऐकली, आणि शेवटची भाकरी तव्यावर करपली.

मग त्याचं वेडच लागलं. बर्फाच्या गावातली दाई ऐकली, जी घसरगाडीवरून बाळंतपणाला जाते. तुरुंगाच्या दारात तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका ऐकल्या, त्यांची डब्यांवरून होणारी भांडणं ऐकली. जुनी जहाजं मोडणारे कामगार एका खोलीत झोपतात, त्यातला एक झोपेत आईला हाका मारतो, तेही ऐकलं. जग म्हणजे नकाशा नव्हे, माणसांच्या घशातून येणारा आवाज आहे, असं मी वर्गात मुलांना सांगायचे. मुलं हसायची.

या कार्यक्रमांत एक ठरलेली पद्धत असते. माणूस आपल्या भाषेत बोलायला लागतो, त्याचे दोन-तीन शब्द मोकळे ऐकू येतात, मग त्याचा आवाज हळूहळू खाली जातो आणि वर इंग्रजीतला आवाज चढतो. खाली तो माणूस पुटपुटत राहतो. मला ही पद्धत फार सभ्य वाटायची. माणसाचा आवाजही राहतो आणि अर्थही कळतो. खाली गेलेला माणूस प्रत्यक्षात काय बोलत असेल, असा प्रश्न मला कधी पडला नाही. वर्षानुवर्षं पडला नाही. आता त्याची लाज वाटते.

त्या रेडिओला मी एकदा पत्र लिहिलं. कौतुकाचं, जरा लांबच. त्यात सहज लिहून गेले की आमच्याकडे उसात बिबटे राहतात, तिथंच पिल्लं घालतात, आणि ऊस तोडला की उघड्यावर येतात. काही महिन्यांनी क्लेअर नावाच्या बाईचं उत्तर आलं. ती असे कार्यक्रम तयार करायची. ऊसतोडीच्या हंगामात आम्ही येऊ शकतो का, तू भाषांतर करशील का, असं तिनं विचारलं होतं. मी ते उत्तर नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. आपलं गाव जगाच्या कानावर जाणार, याचा मला केवढा आनंद झाला होता.

क्लेअर वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी तिच्यावर फार चिडणार आहे.

अलकाताईंचं घर नदीकाठच्या मळ्यात आहे. चाळिशीच्या बाई, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. घरात त्या आणि सासरे, नाना. मुलगी लग्न होऊन राजूरकडे दिलेली. त्याच हंगामाच्या सुरुवातीला, कार्तिकात, त्यांचे मालक भाऊसाहेब गेले. गहू नुकताच पेरला होता. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आमच्याकडे ती अशीच येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची, त्या आठवड्यात माणसानं रात्री शेतात जाऊन दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की फावड्यानं पाणी दुसऱ्यात वळवायचं. शेजारचा ऊस तुटला होता. त्यातली पिल्लंवाली बिबट्याची मादी इकडच्या तुकड्यात आली होती. भाऊसाहेब फावडं घेऊन वाफ्यात वाकले होते.

सकाळी उजाडताना अलकाताई चहाची किटली घेऊन बांधावर गेल्या. मोटर चालू होती. पाणी वाफे फोडून वाटेवर आलं होतं.

“मला आधी पान्याचाच राग आला,” त्या आम्हाला म्हणाल्या. “म्हनलं, टेकलं वाटतं बांधाला, अन् लागला डोळा. वरडत वरडत गेले मी.”

त्या आम्हाला म्हणाल्या, म्हणजे क्लेअरला आणि मला. पौषातली सकाळ होती. क्लेअर चपला बाहेर काढून जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्या हातात केसाळ कव्हर घातलेला माईक होता. नाना त्याच्याकडे मांजराकडे बघावं तसे बघत होते. अलकाताई किटलीचं सांगत असताना क्लेअरच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी वाक्य-वाक्य इंग्रजीत सांगत होते आणि मनातून खूश होते की भाषांतर छान जमतंय. हेही कबूल करायला हवं.

क्लेअरला मादीबद्दल ऐकायचं होतं. त्या जनावराबद्दल तुम्हाला काय वाटतं, असं तिनं विचारलं. अलकाताई लाईटीचं बोलायला लागल्या, तेव्हा तिनं मान हलवून ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला. तिसऱ्या वेळी अलकाताईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

“त्या वाघिनीवर माझा राग न्हाई,” त्या म्हणाल्या. “तिची पिल्लं हुती उसात. ऊस तोडला, ती उघड्यावर आली. ती तरी कुटं जाईल? ती बी आईच हाय.” आणि मग, मध्ये श्वाससुद्धा न घेता, “माझा राग रातची लाईट सोडनाऱ्यांवर हाय. गावानं किती अर्ज दिलं, दिवसाची लाईट द्या म्हनून. साहेब म्हनत्यात, वरून येळापत्रक येतं. वर कोन बसलंय? त्यो कधी रातचा वाफ्यात उभा ऱ्हायलाय का? माझ्या मालकाला वाघिनीनं न्हाई मारलं. ह्यांनी मारलं. हे लिहून घ्या तुमी.”

मी क्लेअरकडे वळले. मग मी इंग्रजीत म्हणाले, “त्यांचा बिबट्यावर राग नाही. तीही आई आहे, असं त्या म्हणतात. रात्रीच्या वीजपुरवठ्याबद्दल त्या नाराज आहेत. वेळापत्रक बदलायला हवं, असं त्यांना वाटतं.”

अलकाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

“झालं?” त्यांनी विचारलं. “मी येवढं बोलले, अन् तुमचं लगेच झालं?”

“इंग्रजीत कमी शब्दांत होतं, ताई,” मी म्हणाले.

मी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पाहुणी समोर बसलेली, रडवेली झालेली, आणि आपण तिच्यासमोर आपल्याच लोकांना खुनी म्हणायचं, याचा संकोच वाटला असेल. कॉलेजात वीस वर्षं जे इंग्रजी शिकवलं त्यात विनंती आहे, आभार आहेत, खेद आहे. मळ्यातल्या बाईचा राग त्यात कधी आलाच नव्हता. पण ही सगळी नंतर सुचलेली कारणं आहेत. त्या वेळी मला फक्त ते वाक्य बरं दिसावं असं वाटत होतं.

निघण्यापूर्वी क्लेअर म्हणाली, आता एक मिनिट कुणीही बोलू नका, मला या घराची शांतता हवी आहे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि कार्यक्रम जोडताना ती लागते, असं तिनं मला समजावलं. मी नानांना एवढंच म्हणाले, “नाना, एक मिनिट शांत राहायचंय.” नाना उठले. काठी भिंतीला टेकवली, डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. त्यांना वाटलं, त्यांच्या मुलासाठी आहे. अलकाताई त्यांच्याकडे बघून उठल्या. मग मीही उठले. क्लेअर माईक धरून बसूनच होती. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता, गोठ्यात म्हशीची साखळी वाजली, नाना एकदा खोकले. बाहेर लांबवर कोयते चालू होते.

फाल्गुनात कार्यक्रम आला. रविवार होता, मी मेथी निवडत बसले होते. सुरुवातीला उसाची सळसळ होती, आणि ती इतकी सुंदर होती की मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. रोज कानावर पडणारा हा आवाज असा असतो, हे मला परदेशातून कळावं लागलं. मग किटलीचा प्रसंग आला. मग अलकाताई म्हणाल्या, “त्या वाघिनीवर माझा राग...” आणि त्यांचा आवाज खाली गेला. वर एका बाईचा मऊ इंग्रजी आवाज आला. माझा तिच्यावर राग नाही. तीही आईच आहे.

आणि शांतता.

ती मी ओळखली. घड्याळ, साखळी, नानांचा खोकला. नाना हात जोडून उभे होते, ते मिनिट तिथं आणून लावलं होतं. जिथून अलकाताईंचं पुढचं वाक्य कापलं, तिथला जोड त्या मिनिटानं झाकला होता. त्यामागून बासरी सुरू झाली. मग कुणी एक अभ्यासक सांगू लागले की या लोकांची सहनशीलता फार जुनी आहे, जनावरांबरोबर राहण्याचं शहाणपण यांच्या रक्तात आहे. पुढं निवेदनात एकदा येऊन गेलं की या भागात रात्री शेतात काम करण्याची पद्धत आहे. पद्धत. जशी काही आमची हौसच. जसं काही माणसं रात्री थंडीत पाण्यात उभी राहतात, कारण त्यांच्या आज्यापणज्यांना ते आवडायचं.

मी तेव्हाच मेल लिहिला. तुम्ही त्या बाईच्या तोंडचं वाक्य अर्धं कापलंत, तुम्ही तिला देवी केलंत आणि तिचा राग फेकून दिलात, असं बरंच लिहिलं. दोन दिवसांनी क्लेअरचं उत्तर आलं. तिला वाईट वाटलं होतं. वेळेची मर्यादा होती, कार्यक्रम माणूस आणि प्राणी यांच्या नात्याविषयी होता, वगैरे. खाली तिनं त्या सकाळचं पूर्ण रेकॉर्डिंग आणि त्याचा टाईप केलेला मजकूर जोडला होता. आमच्यापैकी कुणालाच मराठी येत नाही, तिनं लिहिलं होतं, आम्ही तुझ्या शब्दांवर विसंबलो.

मी मजकूर उघडला. नाराज आहेत. वेळापत्रक बदलायला हवं, असं त्यांना वाटतं.

मग रेकॉर्डिंग ऐकलं. अलकाताईंचा आवाज, ‘ह्यांनी मारलं’, आणि त्याच्यामागून माझा, गोड, समजूतदार, वर्गात वापरते तो आवाज. कापायचं काम आधी मी केलं होतं. त्यांच्या हातात मी दिलं ते एक फिकं, कंटाळवाणं वाक्य होतं, आणि कंटाळवाणी वाक्यं कुणीही कापतं. नाराज बाईला कापता येतं. ‘ह्यांनी मारलं’ म्हणणाऱ्या बाईला कापताना निदान कुणाचा तरी हात थबकला असता.

त्या आठवड्यात मी स्वतःवर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नव्हते. पण स्वतःवर चिडून बसणं हाही एक आरामच असतो. शनिवारी सकाळी मी मळ्यात गेले.

गहू पिवळा पडायला लागला होता. अलकाताई अंगणात शेंगा फोडत होत्या, नाना खाटेवर उन्हाला बसले होते. मी मोबाईल मध्ये ठेवला आणि लावला. अलकाताई मान वाकडी करून ऐकत राहिल्या.

“हा माझाच आवाज,” त्या म्हणाल्या. “अन् ही कोन मधीच बोलतीय?”

“तुमचं बोलणं इंग्रजीत सांगतेय ती.”

“मग माझं कशाला ठिवलंय खाली?”

ती बाई काय म्हणाली ते मी मराठीत सांगितलं. त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या.

“अन् लाईटीचं?”

“नाही त्यात.”

“काढलं व्हय?”

“त्यांनी काढलं. पण ताई, मीसुद्धा त्या दिवशी नीट सांगितलं नव्हतं.” आणि मग मी काय सांगितलं होतं तेही सांगितलं. नाराज हा शब्द सांगितला.

“नाराज?” अलकाताईंनी हातातली शेंग सुपात टाकली. “लगनात मानपान न्हाई झाला की नाराज आसतो आमी. मानूस गेलं गं माझं.”

त्या दिवसापर्यंत त्या मला मॅडम म्हणत होत्या, तुम्ही म्हणत होत्या. ते त्या क्षणी संपलं. बरं झालं.

नानांनी खाटेवरून विचारलं, “त्या दिशी उभं ऱ्हायलो व्हतो आपन, त्या मिनटाचं काय केलं त्यांनी?”

“वापरलंय, नाना. आहे त्यात.”

“आसं व्हय,” नाना म्हणाले. “साऱ्या जगानं ऐकलं आसंल मग.” त्यांनी समाधानानं मान हलवली. त्यांना खरं सांगायला माझी जीभ उचलली नाही. अलकाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं असावं.

पुढं जे झालं ते मी कल्पनेनं रचलं असतं तर मलाच खोटं वाटलं असतं. बिबट्यांविषयी जागृती करणाऱ्या एका संस्थेच्या कानावर तो कार्यक्रम गेला. त्यांनी अलकाताईंचा सत्कार ठरवला. माणूस आणि वन्यप्राणी यांच्या सहजीवनाचा आदर्श म्हणून शाल, श्रीफळ आणि मानपत्र. शाळेच्या पटांगणात मंडप, सकाळी अकराची वेळ, वनखात्यातले मोठ्या हुद्द्याचे एक साहेब पाहुणे. कार्यक्रमाचा मराठीत सारांश सांगायला मला बोलावलं होतं. मी अलकाताईंना म्हणाले, आपण नाही म्हणून कळवू.

“का म्हनून?” त्या म्हणाल्या. “जाऊ की. माईक आसंल ना तिथं?”

मंडप भरला होता. पुढे शाळेतली मुलं, मागे बाया, कडेला गाडीला टेकून उभे असलेले तरुण. अलकाताई इस्त्रीची साडी नेसून स्टेजवर खुर्चीच्या टोकाला बसल्या होत्या. साहेब बरे बोलले. या माउलीनं साऱ्या जगाला क्षमा शिकवली, असं म्हणाले. मग स्पीकरवर तो तुकडा लावला. “त्या वाघिनीवर माझा राग...” आणि मऊ इंग्रजी, आणि शांतता, आणि बासरी. टाळ्या झाल्या. साहेबांनी अलकाताईंच्या खांद्यावर शाल घातली. फोटो झाला. सूत्रसंचालकानं दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला, तोही हातातच धरून, म्हणजे त्या धन्यवाद म्हणतील आणि लगेच परत घेता येईल. अलकाताईंनी तो त्याच्या हातातून घेतला.

“साहेब, तुमी लावलं ते अर्धंच हाय,” त्या म्हणाल्या. “बाकीचं मी सांगते.”

आणि त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, पौषातल्या सकाळी सांगितलं होतं तसंच, फक्त या वेळी जास्त. कुठल्या महिन्यात कुठला अर्ज दिला, कोण काय म्हणालं, कुणी किती वेळ बाकड्यावर बसवून ठेवलं. शेवटी म्हणाल्या, “वाघिनीला माफ करायला मला कुनी शिकवायला नगं. ती जनावर हाय. पन तिला माफ केलं म्हंजी तुमाला बी केलं, आसं समजू नका. मी न्हाई केलं.”

साहेबांनी दुसरा माईक मागून घेतला. “ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो,” ते म्हणाले, “पण वीज हा आमच्याकडचा विषय नाही.”

“अन् वीजवाले म्हनत्यात, वाघ त्यांचा विषय न्हाई,” अलकाताई म्हणाल्या. “मग माझा मानूस कुनाचा विषय व्हता?”

अलकाताईंनी माईक माझ्याकडे दिला. मी सारांश सांगितला नाही. म्हणाले, यांचं बोलणं इंग्रजीत मी सांगितलं होतं आणि ते चुकीचं सांगितलं होतं. बरोबर काय ते तुम्ही आत्ता ऐकलंत. एवढं बोलून खाली बसले. अलकाताई खुर्चीवरून उठल्या, तसा सूत्रसंचालक दबक्या आवाजात म्हणाला, “शाल नको असेल तर ठेवा इथं टेबलावर.”

“नगं कशाला? ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “दारं आता मीच धरती. थंडी लई आसती वाफ्यात.”

मंडपातून तीस-पस्तीस बाया सरळ वीज उपकेंद्रावर गेल्या. जाऊ असं कुणी म्हणालं नाही, एकीमागं एक निघाल्या. मीही गेले. दिवसभर फाटकात बसलो. नंतर पुरुषही आले, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या बाया आल्या. पुढच्या हंगामात आमच्या भागाला दिवसाची लाईट मिळाली. गव्हाला सकाळी पाणी, दुपारी पाणी. नाना बांधावर घोंगडी टाकून बसायचे. माणूस उन्हात शेतात काम करतो, ही जगातली सर्वांत साधी गोष्ट, आणि तो हंगाम सणासारखा वाटला. किती थोडक्यात खूश होतो आपण, याचाही आता मला राग येतो.

यंदा पुन्हा वेळापत्रक आलं आहे. रातची लाईट. कारण विचारलं तर तेच, वरून आलंय.

मी अजूनही त्या डॉक्युमेंटऱ्या ऐकते. सोडून द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पण पूर्वीसारखं ऐकणं होत नाही. कुठल्याशा खाणीतली बाई बोलायला लागते, तिचे दोन शब्द मोकळे येतात, आवाज खाली जातो, वर गोड इंग्रजी चढतं. मी मोबाईल कानाला दाबून त्या खालच्या आवाजाच्या मागं जाते. भाषा कळत नाही. पण वर इंग्रजी संपलेलं असतं आणि खाली ती बाई अजून बोलत असते, हे पुष्कळदा कळतं. ती अजून बोलत असते आणि तिला मिटवून टाकतात. तिथं कोण बसलं होतं तिच्याशेजारी? माझ्यासारखी कुणी? तिनं काय सांगितलं? भाकरी थापता थापता मी त्या न पाहिलेल्या दुभाषी बाईला शिव्या घालते.

क्लेअरला मी तेव्हाच पूर्ण भाषांतर पाठवलं होतं, एकही शब्द न गाळता. त्यांच्या पानावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ आली. काही उत्तरं लांबीसाठी संक्षिप्त केली आहेत. बस.

परवा तिचा पुन्हा मेल आला. त्या बाईचं पुढं काय झालं, यावर त्यांना आणखी एक भाग करायचा आहे. याच हंगामात येऊ का? आज सकाळी मी मळ्यात जाऊन अलकाताईंना विचारलं. त्या गोठ्यात शेण भरत होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

“येऊ दे की,” त्या म्हणाल्या. “पन दिवसाची नगं. रातची ये म्हनावं, आमच्या लाईटीच्या टायमाला. माझ्याबरूबर वाफ्यात उभी ऱ्हा म्हनावं, पानी वळव. एका हातात फावडं, एका हातात बॅटरी. माईक कुटं धरती ते तिचं ती बघंल. तवा इचार म्हनावं, वाघिनीबद्दल काय वाटतं. अन् आदी तिला सांगू दे, तिला काय वाटतं.”

“असंच लिहू?”

“आसंच लिही. ह्या वेळंला कमी शब्दांत नगं.”

घरी येऊन तसंच लिहिलं. सवयीनं सुरुवातीला ‘कृपया’ आलं होतं, ते पुसलं. त्यांच्या वाक्यांत एक ठिकाणी इंग्रजी जरा ओबडधोबड झालं, ते तसंच ठेवलं. पाठवून दिलं आणि उत्तराची वाट न बघता बाजारपेठेत जाऊन एक चांगली बॅटरी विकत घेतली. क्लेअर येईल किंवा येणार नाही. मळ्यात या आठवड्यात चार रात्री पाणी आहे, आणि अलकाताईंबरोबर वाफ्यात उभं राहायला दुसरं माणूस नाही.